केस्ट्रेल ५५००: ध्रुवीय तळावर हवामान नोंदणारीला कितपत कामाचं?

ध्रुवीय तळावर हवामानाच्या नोंदी घेण्याचा पेशा पत्करणाऱ्या मुलीने पदरचे पैसे घालून एकच यंत्र घ्यायचं ठरवलं, तर ते केस्ट्रेल ५५०० हे हातात धरायचं हवामानमापक असावं. मात्र त्याच्या पडद्यावर दिसणारे बरेच आकडे उणे २० च्या खाली जसेच्या तसे वहीत उतरवायचे नसतात. कुठला आकडा घ्यायचा, कुठला दुरुस्त करून घ्यायचा आणि कुठला सरळ सोडून द्यायचा, हे ठाऊक असेल तरच या यंत्राचे पैसे वसूल होतात.

मुठीत मावणारं, १२१ ग्रॅम वजनाचं, एका एए सेलवर चालणारं हे यंत्र. वरच्या टोकाला २५ मिलिमीटर व्यासाचा पंखा, खाली खाचेत उघडा ठेवलेला तापमानाचा संवेदक, शिवाय आर्द्रतेचा, दाबाचा आणि आत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. वारा सेकंदाला ०.६ ते ४० मीटरपर्यंत, तीन टक्क्यांच्या अचूकतेने. तापमान उणे २९ ते ७० अंश, अर्धा अंश इकडेतिकडे. आर्द्रता दोन टक्के आणि दाब दीड हेक्टोपास्कल इकडेतिकडे. दवबिंदू, वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी वगैरे गणितं ते स्वतः करतं. दहा हजारांवर नोंदी पोटात साठवतं आणि ‘लिंक’ असलेली आवृत्ती घेतली तर त्या ब्लूटूथने फोनवर उतरवता येतात. ती आवृत्तीच घ्यावी. का ते पुढे येईल.

हा लेख ज्यांच्यासाठी आहे त्यांची वाट साधारण अशी असते. भौतिकशास्त्रातली बी.एस्सी. किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा, भारतीय हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंट, पुण्यात प्रशिक्षण, काही वर्षं वेधशाळेत पाळ्या आणि मग अंटार्क्टिक मोहिमेसाठी नाव देणं. १९८१-८२ च्या पहिल्या मोहिमेपासून हवामान खातं सोबत आहे. मोहिमांची सगळी व्यवस्था वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र बघतं. कडक वैद्यकीय तपासणी होते, औलीला बर्फातलं प्रशिक्षण होतं आणि नंतर केपटाउनमार्गे प्रवास. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ साली, नागपूरच्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर उतरल्या. भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. जर्मनीच्या गेऑर्ग फॉन नॉयमायर तळावर १९९० चा अख्खा हिवाळा नऊ बायकांच्या चमूने काढला. बाईला हे काम झेपेल का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला आहे. आता प्रश्न उरतो तो हातात काय द्यायचं याचा, आणि उपकरणांच्या बाबतीत तो पुण्यात फार आधी एका बाईनेच हाताळला होता. अ‍ॅना मणी १९४८ साली हवामान खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात रुजू झाल्या आणि हवामानाच्या शंभरेक उपकरणांची रेखाटनं त्यांनी प्रमाणित करून घेतली. उपकरण प्रमाणाशी ताडून पाहिल्याशिवाय त्याच्या आकड्याला किंमत नाही, ही शिस्त त्या विभागाने देशाला लावली. केस्ट्रेललाही तोच निकष लावायचा.

थंडीत सगळ्यात आधी पडदा दगा देतो. उत्पादकाच्याच माहितीपत्रकात पडदा आणि सेलची मर्यादा उणे १० ते ५५ अंश अशी दिली आहे. त्याखाली मोजायचं असेल तर यंत्र उबेत ठेवावं, मोजण्यापुरतं बाहेर काढावं आणि लगेच आत घ्यावं, असंही त्यातच लिहिलं आहे. उणे २९ हा आकडा मोजमापाचा आहे, पडद्याचा नव्हे. हा फरक न वाचता घेतलं की निराशा होते. पडद्यातला द्रव थंडीने घट्ट होतो, आधीचा आकडा पुसला न जाताच नवा उमटू लागतो आणि ३ चा ८ वाचला जातो. भारताच्या अंटार्क्टिकावरच्या मैत्री तळावर हिवाळ्यात उणे ३० च्या आसपासची थंडी पडू शकते. तिथे पडद्यावर विसंबून चालत नाही. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोकसारख्या उंच पठारावरच्या रशियन तळाचा तर विचारच नको. तिथे २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंशांची नोंद झालेली आहे.

सेल लिथियमचाच घालायचा. अल्कलाइन सेल उणे २० ला मान टाकतो, कारण त्यातलं द्रावण पाण्याचं असतं आणि आयन सरकेनासे होतात. लिथियम-आयर्न डायसल्फाइडचा एए सेल उणे ४० पर्यंत चालतो. सेल बदलला की होकायंत्र पुन्हा जुळवावं लागतं, त्यामुळे सेल बदलायचा तो आत, उबेत, घाई नसताना.

आता हातमोजे. यंत्राची बटणं लहान आहेत. बाहेरच्या जाड मिटनमधून (चार बोटं एकत्र जाणाऱ्या मोज्यातून) ती दाबली जात नाहीत, म्हणून आत पातळ लोकरीचा किंवा रेशमी मोजा हवाच. इथे बायकांची खरी अडचण होते ती मापाची. पुरुषी मापाच्या मोज्यात बोटाच्या टोकाला सेंटीमीटरभर रिकामं कापड उरतं आणि एका बटणाऐवजी दोन दाबली जातात. मग मोजा काढायचा मोह होतो. उणे २० अंश आणि ताशी ४० किलोमीटर वाऱ्यात जाणवणारी थंडी उणे ३४ भरते. अशा थंडीत उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते आणि बोटांची संवेदना त्याच्या कितीतरी आधी जाते. म्हणून मोजे, आतला आणि बाहेरचा दोन्ही, स्वतःच्या मापाचे मागून घ्या आणि पुण्यातच ते घालून सगळी बटणं दाबून बघा. यंत्राची दोरी मानेत अडकवायची, मनगटात नाही, कारण मनगटावरची दोरी मिटनची कड उघडी पाडते. आतल्या थरावरच्या जाकिटाला छातीशी खिसा हवा. बाहेरच्या पार्काच्या खिशात ठेवलेलं यंत्र दहा मिनिटांत बाहेरच्या हवेइतकं गार होतं.

छातीशी ठेवलं की पडदा जगतो, पण तापमान बिघडतं. यंत्र ३० अंशांवरून उणे २० च्या हवेत आलं तर संवेदकाला ५० अंश उतरायचे असतात. संवेदक छोटा आहे, तो लवकर उतरतो. मात्र मागची प्लास्टिकची पेटी गरमच असते आणि तिला लागून आलेली हवा संवेदकावर गेली तर वाचन चढं येतं. उपाय सोपा आहे. वाऱ्याकडे तोंड करायचं, हात सरळ पुढे लांबवायचा, पंख्याचं टोक वाऱ्याच्या दिशेने ठेवायचं. म्हणजे यंत्राची, हाताची आणि तोंडाची ऊब मागे वाहून जाते. सेकंदाला एक मीटरचा वारा संवेदकावरून जात असेल तर वाचन लवकर बसतं. वारा नसेल तर दोरीला धरून हलकं झुलवायचं. लागोपाठ तीन वाचनं ०.२ अंशांच्या आत आली की तो आकडा घ्यायचा.

बर्फावर ऊन दोन बाजूंनी येतं. ताजा हिम ८० ते ९० टक्के उजेड परत वर फेकतो. आपल्याकडे यंत्र सावलीत धरलं की भागतं, तिथे सावलीतही खालून उजेड लागतो आणि वाऱ्याविना संवेदक एकदोन अंश सहज चढा दाखवतो. तापमापी ठेवायच्या पांढऱ्या पेटीला, म्हणजे स्टीव्हन्सन स्क्रीनला, दुहेरी झडपा आणि दुहेरी तळ असतो तो याचसाठी. उन्हाळ्यात चोवीस तास सूर्य असताना, वारा पडलेला असेल तर केस्ट्रेलचं तापमान वहीत लिहायचं नाही. स्क्रीनमधलं लिहायचं. उलट हिमवादळात स्क्रीनच्या झडपांतून भुकटीसारखा बारीक हिम आत शिरून तापमापी गाडले जातात. ते साफ होईपर्यंत हातातलं यंत्र खरा आधार देतं. काचेच्या तापमापींची दुसरी अडचणही ध्यानात ठेवा. पारा उणे ३८.८ ला गोठतो, म्हणून खालच्या तापमानाला अल्कोहोलचा तापमापी लागतो. त्यात स्तंभ तुटतो, किंवा अल्कोहोलची वाफ नळीच्या वरच्या टोकाला जाऊन चिकटते आणि वाचन खोटं उतरतं. केस्ट्रेलशी रोज एकदा ताडून पाहिलं की असा बिघाड त्याच दिवशी पकडता येतो. ‘दुसरा साक्षीदार’ म्हणून हे यंत्र घ्या असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

वाऱ्यात हे यंत्र सर्वांत चांगलं आहे. पंख्याचं तोंड वाऱ्यापासून १५ अंश वाकडं झालं तरी चूक तीन टक्क्यांच्या घरात राहते. पण सिनॉप संदेशात, म्हणजे तळावरून ठरल्या वेळी सांकेतिक अंकांत जाणाऱ्या हवामानाच्या नोंदीत, जातो तो १० मीटर उंचीवरचा, १० मिनिटांचा सरासरी वारा. हातात धरलेलं यंत्र दीड मीटरवर असतं आणि बहुतेक जणी अर्ध्या मिनिटाचं वाचन घेऊन मोकळ्या होतात. सरासरीची सोय चालू करून किमान दोन मिनिटं, जमल्यास पूर्ण १० मिनिटं धरा. हात भरून येतो, म्हणून तिकाटण्यावर बसणारं वाऱ्यासोबत वळणारं माउंट वेगळं विकत मिळतं, ते घ्या. गुळगुळीत, सपाट हिमावर दीड मीटरवरच्या आकड्याला साधारण १.२५ ने गुणलं की १० मीटरचा अंदाज येतो. सेकंदाला ८ मीटर दिसले तर १० धरा. मात्र निरभ्र, शांत ध्रुवीय रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो, वरचा वारा खाली पोचत नाही आणि हा गुणक कामाचा राहत नाही. अशा वेळी खांबावर बसवलेल्या, वारा मोजणाऱ्या अ‍ॅनिमोमीटरचंच ऐकायचं. यंत्र जी जाणवणारी थंडी दाखवतं तिचं सूत्रही १० मीटरच्या वाऱ्यावर बेतलेलं आहे. हातातला वारा त्यात गेला की उत्तर एखाद्या अंशाने कमी तीव्र येतं. बाहेर किती वेळ थांबायचं हे ठरवताना तो अंश स्वतःच वाढवून घ्यावा.

वाहत्या हिमात पंख्याची वाट लागते. बारीक कण अक्षापाशी बसतात, छातीच्या उबेने विरघळतात आणि पुढच्या वेळी बाहेर काढल्यावर तिथेच गोठतात. पंखा फिरतो, पण जड फिरतो आणि वारा कमी दाखवतो. बंद पडला असता तर निदान कळलं असतं, हे कळतही नाही. म्हणून प्रत्येक वेळी बाहेर जाण्याआधी हलकी फुंकर मारून तो किती सहज फिरतो आणि किती सावकाश थांबतो ते बघायचं. फुंकर आतच मारायची. बाहेर श्वासाची वाफ त्यावर लगेच बर्फ होऊन बसते. पंख्याचं अख्खं चाक कुठल्याही हत्याराविना अंगठ्याने दाबून काढता येतं आणि नवं बसवता येतं. ही सोय या यंत्राची खरी खुबी आहे.

सर्वांत जास्त गैरसमज आर्द्रतेबद्दल आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या रिवाजाप्रमाणे सापेक्ष आर्द्रता शून्याखालीही पाण्याच्या संदर्भाने देतात, बर्फाच्या नाही. बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब पाण्यावरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे हवा बर्फाच्या दृष्टीने पूर्ण संपृक्त झाली, दोरांवर तुषार (बाष्प गोठून बसणारे बर्फाचे कण) चढू लागले, हवेत हिमकण चमकू लागले, तरी पाण्याच्या हिशेबाने उणे २० ला आर्द्रता ८२ टक्केच भरते. उणे ३० ला ७५ आणि उणे ४० ला ६८. नवखी मुलगी समोर तुषार जमताना बघते, यंत्रावर ८१ वाचते आणि यंत्र बिघडलं असं समजून आकडा वर ओढते. यंत्र बरोबर असतं. दवबिंदूचंही तसंच. उणे २० ला बर्फाने संपृक्त हवेचा तुषारबिंदू (बर्फाच्या हिशेबाने हवा संपृक्त होते ते तापमान) उणे २० असतो आणि दवबिंदू (तेच पाण्याच्या हिशेबाने) उणे २२.३. संदेशात दवबिंदू जातो. ही दोन नावं वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची सवय पुण्यातच लावून घ्या.

दोन टक्क्यांची अचूकता मात्र २५ अंशांची, १० ते ९० टक्क्यांमधली आहे. उणे तापमानाला तिच्यावर हवाला ठेवू नका. संवेदक गारठलेला असताना बाष्प सावकाश घेतो आणि सावकाश सोडतो. छातीशी ठेवलेल्या यंत्रात शरीराची ओल साचलेली असते आणि बाहेर आल्यावर पहिली काही मिनिटं तीच दिसते. तापमान बसलं तरी आर्द्रता बसलेली नसते.

मग जुना सायक्रोमीटर, म्हणजे एक कोरडा आणि एक ओल्या वातीचा अशा दोन तापमापींनी आर्द्रता काढणारा, बरा का? त्यालाही मर्यादा आहे आणि तीही आकड्यांनी समजून घ्यावी. पुण्याच्या २० अंशांत ओल्या तापमापीच्या वाचनात ०.१ अंशाची चूक झाली तर आर्द्रतेत एखाद्या टक्क्याचा फरक पडतो. उणे २० ला तेवढ्याच चुकीने पाच टक्के हलतात. बर्फाने संपृक्त हवा आणि ५० टक्क्यांची कोरडी हवा यांत तिथे दोन तापमापींचा फरक जेमतेम ०.६ अंशांचा असतो. शिवाय वातीवर पाणी आहे की बर्फ हे ठरवावं लागतं. पाणी उणे १० लाही अतिशीत द्रव राहू शकतं, आणि वातीवर द्रव असताना बर्फाचं कोष्टक वापरलं की उत्तर चुकतं. वाचनाच्या १५-२० मिनिटं आधी वात ओली करायची, हिमाचा एखादा कण टेकवून गोठवायची, थर पातळ ठेवायचा आणि तापमान स्थिर होऊ द्यायचं. हे जिला नीट जमतं तिचा आकडा उणे १० पर्यंत केस्ट्रेलपेक्षा भरवशाचा. त्याखाली दोन्हींची कसोटी लागते. तिथे तळाच्या स्वयंचलित केंद्राची नोंद मुख्य धरायची आणि केस्ट्रेलचा कल बघायचा: आर्द्रता चढते आहे की उतरते आहे, एवढंच.

घरात परत आल्यावर यंत्र उघडं ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी सवय. गार यंत्रावर स्वयंपाकघराच्या दमट हवेतलं पाणी जमतं, संवेदकात शिरतं, आणि पुढे आठवडाभर आर्द्रता चढीच दिसते. बाहेरच, दारात येण्याआधी, ते झिपच्या पिशवीत बंद करायचं आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायचं. आर्द्रता दोन वर्षांत दोनेक टक्के सरकते असं उत्पादक सांगतो. तपासायला मीठाच्या संपृक्त द्रावणांचा संच मिळतो: मॅग्नेशियम क्लोराइडवर सुमारे ३३ टक्के, साध्या मिठावर ७५. बंद डबीत, स्थिर तापमानाच्या खोलीत, रात्रभर ठेवायचं. निघण्याआधी एकदा आणि हिवाळ्याच्या मध्यावर एकदा पुरे.

दाबाबद्दल थोडक्यात. संदेशात दाब ०.१ हेक्टोपास्कलपर्यंत द्यायचा असतो आणि यंत्र दीडपर्यंत चुकू शकतं, तेव्हा निव्वळ आकडा उपयोगाचा नाही. पण तीन तासांत दाब किती उतरला हा फरक ते चांगला दाखवतं, आणि तळापासून दूर तंबूत असताना वादळाची चाहूल यातूनच लागते. संदर्भ उंची कुठली घातली आहे ते आधी बघा. उणे २० च्या हवेत समुद्रसपाटीजवळ सुमारे साडेसात मीटरला एक हेक्टोपास्कल जातो. शंभर-सव्वाशे मीटर उंचीवरच्या मैत्रीवर उंचीचा रकाना शून्य ठेवला तर समुद्रसपाटीचा म्हणून वाचलेला दाब पंधराएक हेक्टोपास्कलनी खोटा ठरतो.

होकायंत्रावर विसंबू नका. ध्रुवाकडे जाताना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत घुसू लागतं. जिथे हा कल ८० अंशांच्या घरात आहे, जसं उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, तिथे यंत्र एका अंशाने तिरकं धरलं तरी दिशेत पाच-सहा अंशांची चूक येऊ शकते. मोज्यातल्या हाताने अंशाचा सरळपणा कुणाला जमतो? वाऱ्याची दिशा तळाभोवतीच्या ओळखीच्या खुणांवरून, खांबावरच्या निशाणावरून घ्यायची. तळाभोवती कुठली खूण खऱ्या उत्तरेपासून किती अंशांवर आहे याचा तक्ता असतो. तो पहिल्याच आठवड्यात पाठ करा.

आणि या पेशाचा मोठा भाग कुठल्याच यंत्रात नाही. ढगांचे प्रकार, दृश्यता, हिम डोळ्यांच्या पातळीखालून वाहतो आहे की वरून, हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं. डोळ्यांच्या पातळीखाली वाहणारा हिम वेगळ्या संकेतांकाने जातो (३६, ३७), दृश्यता खाणारा उंच उडणारा वेगळ्या (३८, ३९), आणि निरभ्र आकाशातून चमकत उतरणारे हिमकण ७६ ने. विमान उतरवायचं की नाही हे ठरवणाऱ्याला तुमच्या दवबिंदूपेक्षा या दोन अंकी संकेतांकाची जास्त गरज असते.

कमी पैशांत भागवायचं असेल तर केस्ट्रेल ३००० आहे. वारा, तापमान, आर्द्रता तेवढी मिळते. दाब नाही, नोंदी साठत नाहीत आणि आत बटणासारखा चपटा सेल आहे, तो थंडीत लवकर थकतो. सह्याद्रीतल्या किंवा हिमालयातल्या उन्हाळी ट्रेकला ते चालेल, ध्रुवावर नको. ५५०० मध्येही ब्लूटूथची आवृत्ती यासाठी की यंत्र माउंटवर बाहेर ठेवून, गोठलेला पडदा न वाचता, नोंदी नंतर आत बसून उतरवता येतात. उणे १० च्या खाली हा वापर उत्पादकाच्या हमीबाहेरचा आहे, हे मनात धरूनच तो करायचा.

सोबत मागवायचं ते एवढं: पंख्याची दोन जादा चाकं, वर्षभराला पुरतील इतके लिथियम सेल, माउंट आणि मिठाचा संच. तळावर कुरिअर येत नाही, हिवाळ्यात तर काहीच येत नाही. यंत्र हाती आल्याबरोबर पुण्याच्या वेधशाळेत स्क्रीनशेजारी लावा आणि वहीत तीन रकाने आखा: प्रमाणित वाचन, केस्ट्रेलचं वाचन, फरक. तोच तक्ता तळावर पुढे चालू ठेवा, शिसपेन्सिलीने, कारण पेनातली शाई बाहेर गोठते. फरक एका दिशेने सरकू लागला की आधी पंखा आणि संवेदक बघा, मग प्रमाणित उपकरण, आणि दोन्ही ठीक असतील तर यंत्र धरायची पद्धत.